तुम्ही विचारलंत म्हणून: रेसला रोलचा कॅमेरा कशाला?

कोल्हापुरात मोहिते ट्रॅकवर कार्टिंगची, म्हणजे बुटक्या, उघड्या छोट्या गाड्यांची रेस असली की कुणी ना कुणी हटकतंच, "भावा, मोबाइलवर सगळं येतंय की, मग ह्यो रोलचा डबा कशाला?" आजोबांचा जुना कॅमेरा असणार, असंही बऱ्याच जणांना वाटतं. तो पेंटॅक्स १७ आहे, २०२४ साली बाजारात आलेला, कोरा करकरीत. हाफ फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन, ३६ च्या रोलवर ७२ फोटो. रोलचे आजचे भाव बघता निम्मं उत्तर इथंच झालं. शिवाय बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव. इथं तरी कॅमेऱ्याचा नाद समजावून सांगायला लागू नये!

खरं तर हा कॅमेरा रेससाठी केलेलाच नाही. शटर, म्हणजे फोटो घेताना उघडझाप करणारा पडदा, कमीत कमी १/३५० सेकंद उघडा राहतो. सरळ पट्ट्यावर ताशी १०० नं सुटलेली कार्ट तेवढ्यात आठ सेंटिमीटर पुढं जाते. त्यात २५ मिलिमीटरची, लांबचं जवळ न आणणारी लेन्स. लांबची कार्ट काडेपेटीएवढी दिसते. म्हणून सरळ पट्टा मोठ्या लेन्सवाल्यांना सोडून मी हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण गाठतो.

मजा तिथंच आहे. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल कार्टला नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर. आतलं मागचं चाक जरासं उचललं गेल्याशिवाय ती धड वळतच नाही. मला पकडायचं असतं ते हे बोटभर अधांतरी चाक. ऑटोफोकस नाही, लेन्सवरचं कडं चित्रांच्या खुणांवर फिरवायचं. मी ते तीन मीटरवर लावून मोकळा होतो. साधारण दोन ते पाच मीटरमध्ये येईल ते स्पष्ट. मग कार्ट दिसली की कमरेतून वळत तिच्याबरोबर फिरायचं आणि बटण दाबायचं. डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा, त्यामुळं लेन्समधूनच आरशानं दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यासारखा नेमक्या क्षणी अंधार होत नाही, कार्ट नजरेतून सुटत नाही. सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. अंगठ्यानं खटका ओढून रोल सरकवेपर्यंत पुढची कार्ट निघून गेलेली असते, पण त्याचं मला काही वाटत नाही.

खटकतं ते वेगळंच. शटर कितीचा लागला हे कॅमेरा सांगत नाही आणि आपल्याला ठरवूही देत नाही. कडक उन्हात ४०० चा, म्हणजे उजेडाला जास्त संवेदनशील रोल घातला तर शटर झटकन मिटतो, चाकं थिजतात, धावती कार्ट पार्क केल्यासारखी दिसते. त्यापेक्षा कमी संवेदनशील १०० चा रोल आणि उतरतं ऊन बरं.

फ्रेमही उभी. आडव्या कार्टसाठी कॅमेरा आडवा करावा लागतो, पिटमध्ये, म्हणजे कार्टची दुरुस्ती-तयारी चालते तिथं, मात्र तीच उभी फ्रेम कामाला येते. चेनला तेल मारणारा मेकॅनिक, हेल्मेटची काच वर करून पाणी पिणारं पोर, मागं स्टॉपवॉच घेतलेले वडील, सगळं एकावर एक मावतं.

त्या वडिलांचा प्रश्न ठरलेला, "संध्याकाळी स्टेटसला लावायला फोटो मिळंल का?" माझा रोल कुरिअरनं मुंबईला जाणार, धुऊन स्कॅन होऊन येणार. त्यांना मी शेजारच्या डिजिटलवाल्याचा नंबर देतो.