एक्स-रे काढता काढता
आज हिकरीत (नॉर्थ कॅरोलायना) गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेले होते. तंत्रज्ञ बाई पन्नाशी उलटलेल्या. पूर्वी सोफ्यांवर कापड चढवायच्या; अंगठ्याजवळ स्टेपलगनचा व्रण अजून आहे. चिनी फर्निचर आलं नि कारखाना बसला. पण 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' या, परदेशी स्पर्धेमुळे नोकरी गेलेल्यांसाठीच्या सरकारी योजनेतून कम्युनिटी कॉलेजची फी भरली गेली, शिकताना भत्ताही मिळाला. १९६२ची, केनेडींच्या काळातली योजना. नोकरी आयातीमुळेच गेली हे आधी कामगार खात्याला पटवावं लागायचं, ते वेगळंच! अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) मुदत वाढवली नाही, त्यामुळे १ जुलै २०२२पासून नव्या कामगारांना मंजुरीच बंद. आयातशुल्कावर मात्र उठसूट भाषणं. बाईंच्या भाचीचाही कारखाना गेल्या वर्षी बंद पडला. ती सध्या गोदामात खोकी उचलते.