समुद्राचा रंग मोजताना

हर्णैला आल्यापासून जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच: "रॉकेट बघितलंस काय गो?"

नाही बघितलं. रॉकेट सुटतं ते आंध्रातल्या श्रीहरिकोट्याहून. मी शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरला होते. तिथे सगळे त्याला 'सॅक'च म्हणतात. उपग्रह वर गेल्यावर ज्या यंत्रांनी काम करतो ती यंत्रं, म्हणजे कॅमेरे, रडार, दळणवळणाचे ट्रान्सपॉन्डर (संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रं), इथे तयार होतात. माझी शाखा इलेक्ट्रॉनिक्स. अर्ज भरताना मला फक्त इस्रो दिसत होतं. वाट्याला येणारं काम थेट आमच्या बंदराशी जोडलेलं असेल, हे डोक्यातही नव्हतं.

ते काम समुद्र बघणाऱ्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यांशी संबंधित होतं. इस्रोच्या या ओशनसॅट मालिकेतला पहिला उपग्रह मे १९९९ मध्ये गेला, दुसरा सप्टेंबर २००९ मध्ये, तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ ला. तिन्हींवर ओशन कलर मॉनिटर हा कॅमेरा. सातशे किलोमीटरहून जास्त उंचीवरून, चौदाशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात तो समुद्राचा रंग मोजत जातो. पाण्यात वनस्पती-प्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, भरपूर असले की त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा त्या मानाने जास्त परत येतो. निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्य किती ते काढतात. जिथे प्लवक तिथे त्यावर जगणारे बारीक जीव, आणि त्यांच्यामागे तारली, बांगडा. हे नकाशे आणि पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान एकत्र करून हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र मच्छीमारांना सल्ला देतं: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत मासळी मिळण्याची शक्यता. मराठीतही मिळतो हा सल्ला.

माझं काम प्रयोगशाळेतल्या एका डिटेक्टरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या भागाचं होतं. अवकाशात जाणाऱ्या यंत्राला विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डिटेक्टरवर हजारो पिक्सेल, म्हणजे प्रकाश मोजणारे बारीक ठिपके, एका ओळीत. त्याच्यासमोर एक मोठा पोकळ गोल, आतून पांढराशुभ्र. आतल्या दिव्यांचा प्रकाश भिंतींवर आपटून आपटून इतका सारखा होतो की गोलाच्या तोंडातून बघितलं तर कुठेच कमीजास्त दिसत नाही. असा उजेड समोर असताना सगळ्या पिक्सेलनी एकच आकडा द्यायला हवा. देत नाहीत. एक किंचित वर, शेजारचा किंचित खाली. हा फरक काढला नाही तर समुद्राच्या चित्रात वरपासून खालपर्यंत रेघा उमटतात.

आणि त्याही आधी अंधार मोजायचा. झाकण लावायचं, खोलीतले दिवे बंद करायचे आणि नोंदी घ्यायच्या. पूर्ण काळोखातही पिक्सेल शून्य दाखवत नाही. डिटेक्टर जरा तापला की काळोखातला आकडा वाढतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहायचं, वेगवेगळ्या तापमानांना सगळं पुन्हा करायचं, मग पायथनमध्ये प्रोग्राम लिहून प्रत्येक पिक्सेलचा काळोख वजा करायचा. मला हे काम मनापासून आवडलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आकडा जुळला की जर्नल पूर्ण. इथे आकडा जुळला तर "का जुळला?" हा प्रश्न यायचा, आणि उत्तर देता येईपर्यंत पुढे जायचं नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी, ते आमच्या गाइड मॅडमनी समजावलं. वरून बघताना समुद्र जवळजवळ काळा असतो. कॅमेऱ्यात शिरणाऱ्या दृश्य प्रकाशातला साधारण नव्वद टक्के हवेनेच विखुरलेला असतो. पाण्यातून आलेला उरलेला दहा टक्के, आणि माहिती सगळी त्यात. डिटेक्टरच्या दोन-चार आकड्यांची गडबड जमिनीच्या फोटोत कळणारही नाही. समुद्रावर तेवढ्यात हरितद्रव्याचं गणित बिघडतं.

फोन गेटवर जमा, पेनड्राइव्ह बंद. दिवसभराचं सगळं वहीत. मानधन नाही, राहण्याची सोय आपली आपण करायची. कॉलेजचं पत्र आणि अर्ज बरेच महिने आधी लागतो, तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी आदल्या सेमिस्टरलाच सुरुवात करा. मासळीशिवाय राहायची तयारी ठेवा.

तिथल्याच एका गटाचं काम स्कॅटरोमीटरवर चालतं. हे रडार लाटांच्या खडबडीतपणावरून समुद्रावरचा वारा मोजतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या घरावरचे पत्रे गेले होते. त्या टेबलाशी मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहायची, आणि कोणी हटकलं नाही.

पुढे एका दुपारी मॅडमनी माझ्यासाठी कोकण किनाऱ्याचा हरितद्रव्याचा नकाशा उघडला. बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी, दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी लालभडक. लाल म्हणजे हरितद्रव्य जास्त. मला आनंद झाला. मॅडम म्हणाल्या, "थांब, यातलं बरंचसं गाळ असणार." हवेचा प्रकाश वजा करताना साधी पद्धत असं धरून चालते की जवळच्या अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यात पाणी पूर्ण काळं आहे, म्हणजे तिथे जे दिसतं ते सगळं हवेचं. खोल, स्वच्छ समुद्रात हे बरोबर. खाडीच्या तोंडाशी गाळ त्या पट्ट्यातही चमकतो. मग हवेच्या नावाने जास्त वजा होतं, निळा पट्टा नको तितका खाली जातो, आणि नकाशा नसलेलं हरितद्रव्य दाखवतो. गढूळ पाण्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत, पण त्या त्या किनाऱ्याच्या पाण्यावर त्या तपासून घ्याव्या लागतात.

रात्री काकांना फोन केला. त्यांची छोटी बोट, किनारा धरूनच मासेमारी. ते म्हणाले, "म्हणजे लांब जाणाऱ्या मोठ्या बोटींना फायदा. आमच्या पाण्यात तुमचा कॅमेरा आंधळाच ना?" आंधळा नाही, पण त्यांचा मुद्दा खरा आहे. ज्याच्याकडे मोठं इंजिन आणि बर्फाची सोय, त्याच्या पाण्याचा नकाशा चांगला. ज्याला डिझेलचा एकेक लिटर मोजावा लागतो, त्याच्या पाण्याचा कच्चा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, पण ऑगस्टमध्ये बोटी सुटल्यावरही कितीतरी दिवस ढगांमुळे कॅमेऱ्याला समुद्र दिसतच नाही. ढगांचं माझ्याच्याने काही होणार नाही. गाळाचं मात्र होऊ शकेल, आणि एम.टेक.ला मला हाच विषय घ्यायचा आहे.

त्यासाठी किनाऱ्यावरच्या नोंदी हव्यात. सुरुवात साध्या तबकडीने करते आहे: तीस सेंटीमीटर व्यासाची पांढरी तबकडी, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली लिहायची; खोली जितकी कमी तितकं पाणी गढूळ. वेळ दुपारी बाराच्या आसपासची, कारण ओशनसॅट त्याच सुमाराला वरून जातो. नारळी पौर्णिमा झाली की काकांच्या बोटीवरून हर्णैच्या नोंदी मी घेणार आहे. दाभोळ, बुरोंडी, बाणकोट इथल्या कोणाच्या घरी बोट असेल आणि उघडीप असेल त्या दिवशी एवढं करता येणार असेल, तर कळवा. तबकडी आणि दोरी मी करून देते.