गोळी न घेता केस लावायचे म्हटल्यावर

उद्यमनगरात लेथवर काम करतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत, कोणी बघत नाही असं बघून, डोक्यातले दोन केस उपटले आणि मायक्रोमीटरमध्ये धरले. मागचा भरला 70 मायक्रॉन, कपाळावरचा 30. रॅचेट परत परत फिरवलं, माप तेच. तोवर मला वाटायचं केस नुसते गळतायत. ते आधी बारीक होत चालले होते.

वय 33. आबांचं डोकं माझ्या जन्माआधीच मोकळं झालेलं, त्यामुळं कारण शोधायला लांब जायला नको. मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं औषध, पाच महिने लावलं. सुरुवातीला केस जास्तच गळतात हे सांगितलेलं असूनही घाबरलो. त्यात चिकट डोकं आणि वरनं बिडाची धूळ. दिलं सोडून.

राहिली फिनास्टेराइडची गोळी, आहेत ते केस जायचे थांबवणारी. ती मला नको होती. लैंगिक तक्रारी थोड्याच जणांना होतात हे कळत होतं, पण आमचं मुलासाठी चाललेलं, त्यात आणखी एक शंका कशाला? दुसरं कारण सांगितलं की मित्र हसतात. तालमीच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देतो. ही गोळी चालू असताना ते देता येत नाही, बंद केल्यावरही महिनाभर थांबावं लागतं. ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो म्हणून.

म्हटलं, थेट ट्रान्सप्लांटच करून टाकू.

पहिल्या क्लिनिकात डॉक्टर भेटलेच नाहीत. टॅब घेऊन बसलेल्या मॅडमनी दहा मिनिटांत हिशेब मांडला: 3,000 ग्राफ्ट (मागून उचलून पुढं लावायचे केसांचे पुंजके), 40 रुपयांनी 1,20,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,41,600. या महिन्यात बुक केलं तर पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लाझ्माची डोक्यात इंजेक्शनं, फुकट. मी विचारलं, गोळी नाही घेतली तर? "काही प्रॉब्लेम नाही सर, लावलेले केस कायमचे असतात." ऑपरेशन कोण करणार? "आमची टीम आहे ना." राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच सांगितलंय की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं, टेक्निशियनवर सोडायचं नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि जिना उतरलो.

दुसरीकडं त्वचेचे डॉक्टर स्वतः बसले होते. त्यांनी डोक्यावर छोटा कॅमेरा टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. मागं एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन जाड केस. माथ्यावर मात्र जाड केसांच्या मधे कोळिष्टकासारखे धागे. "हे अजून जिवंत आहेत," ते म्हणाले, "पण जायच्या वाटेवर आहेत. मागचे केस पुढं लावले तर ते टिकतील. यांचं काय करायचं?"

मॅडमचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. लावलेले राहणार, आजूबाजूचे जात राहणार, आणि पाच-सात वर्षांनी कपाळावर एक दाट पट्टा, मागं मोकळं मैदान. ते भरायला परत मागचेच केस लागणार. तो साठा काही अमर्याद नाही. सगळा आत्ताच उचलला तर पुढच्या जॉबला माल कुठला आणायचा?

घरी आबांना सांगितलं. आमचा थोडा ऊस आहे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे नांग्या भरायच्या, पण हुमणी तशीच ठिवायची. आणि भरलेला ऊस तेवढा हुमणी न खाणारा." नांग्या म्हणजे उसातल्या रिकाम्या जागा, हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी. एवढं नेमकं मला डॉक्टरांकडंही समजलं नव्हतं.

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. गोळी नको असेल तर तुमचा निर्णय, म्हणाले, पण मग घाई करायची नाही आणि हाव धरायची नाही. एक वर्ष थांबा. दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे फोटो काढा. मी कारखान्याच्या शटरपाशी, सकाळी साडेआठला काढले. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तेव्हा माथा फारसा हललेला नव्हता, कानशिलं मात्र आणखी आत गेली होती.

आता ठरलंय ते असं: फक्त पुढं, 1,200 ग्राफ्ट. माथ्याला हात लावायचा नाही. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून जातात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, खरा निकाल वर्षानं. धुळीमुळं दोन आठवडे रजा लागेल, म्हणून तारीख दिवाळीच्या सुट्टीला जोडून बघतोय. पैसे अजून भरलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मार्करनं कपाळावर रेघ मारून दाखवली. मी म्हणालो, बोटभर खाली घ्या की. "चाळिशीत शोभेल अशी मारलीय," म्हणत त्यांनी ती स्पिरिटनं पुसली आणि होती त्याहून वर मारली. ती पुसायची राहिली. रात्री जेवायला बसल्यावर टोपी काढली, तर आबांनी रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बांध घातलास व्हय?"