लोअरिंग स्प्रिंगचा नाही, पान्याचा दोष

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची कमी करणारी आखूड स्प्रिंग, टाकलेली गाडी आवाज करायला लागली की मालक पहिली शिवी स्प्रिंगला घालतो. स्वस्तातली घेतली, फसलो, दुसऱ्या कंपनीची घ्यायला हवी होती वगैरे. मी चाकणला सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये आहे आणि रविवारी ओळखीतल्यांच्या गाड्यांखाली झोपलेला असतो. माझ्या पाहण्यात स्प्रिंग बहुतेक वेळा निर्दोष निघते. चुकलेली असते ती बसवणी.

भाच्याने साताऱ्याहून आणलेली २०१९ ची स्विफ्ट घ्या. गाडी ३५ मिमी खाली नेणाऱ्या चार स्प्रिंगा आणि तक्रारी तीन. स्टिअरिंग वळवलं की पुढून ‘टण्ण’. खड्ड्यात उजवीकडून कडक ठोका. आणि पुढून गाडी झकास बसलेली, पण मागून अजून उचललेलीच. "मामा, मागच्या स्प्रिंगा चुकीच्या पाठवल्यात त्यांनी," हे साहेबांचं निदान.

टण्णचं कारण लगेच सापडलं. भाच्याला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला लावलं आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटं टेकवली. स्प्रिंग पिळत गेली, अडली आणि एकदम सुटली. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी, खोलला. खालच्या वाटीत स्प्रिंगचं टोक टेकायला एक पायरी असते. टोक तिच्यावर चढून बसलं होतं. त्यामुळे स्प्रिंग तिरकी आणि वरचं बेअरिंग एका बाजूने दाबलेलं. स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावून, दोन्हीकडे आलटून पालटून थोडं थोडं आवळत स्प्रिंग दाबली, फिरवली आणि टोक पायरीला भिडवलं. दाबल्याशिवाय वरच्या नटाला हात लावायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. आणि तो नट इम्पॅक्ट गनने उडवू नका. शॉकअपचा दांडा सोबत गरगरतो आणि त्याचं सील जातं. दांडा टोकाला धरून ठेवून हाताच्या पान्याने सोडायचा.

उजव्या ठोक्याचं उत्तर त्याच स्ट्रटमध्ये होतं, किंवा नव्हतं म्हणा. बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दाबला की ठोका झेलणारं रबर, गायब. डावीकडे जागच्या जागी, उजवीकडे नाही. बसवणारा विसरला की ‘मोकळी चालेल’ म्हणून त्याने काढला, देव जाणे. गाडी खाली बसली की शॉकअपची वर जायची जागा तेवढी कमी होते, म्हणजे या रबराला काम उलट वाढतं. काही किटच्या कागदावर तो अमुक इतका कापा असं लिहिलेलं असतं. तेव्हा तेवढाच कापा. फेकून द्या असं कुठलाच कागद सांगत नाही.

मागची भानगड खरी मजेची. स्प्रिंगवरचा नंबर खोक्यावरच्या यादीशी जुळत होता, अक्षरंही सुलटी वाचता येत होती, म्हणजे स्प्रिंग उलटी नव्हती. मग गाडी वर का? स्विफ्टला मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा. स्प्रिंग काढायला शॉकअपचे खालचे बोल्ट सोडून बीम खाली घेतला की पुरतं. बसवणाऱ्या गृहस्थांनी बीम गाडीला जोडणारे पुढचे बोल्टही ढिले केले आणि गाडी लिफ्टवर, चाकं लटकत असतानाच सगळं कचकचून आवळलं. या बोल्टांभोवती बुश असतात, आणि बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. लटकत्या स्थितीत आवळलं की तीच त्याची ‘आरामाची’ जागा ठरते. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि मागचा भाग वर ढकलत बसतं. माझ्या मते सगळ्या चुकांत ही वाईट, कारण सुरुवातीला आवाजच करत नाही. बुश फाटल्यावर कळतं.

इलाज फुकटचा आहे. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, बोल्ट ढिले, गाडी दोन-चारदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचं. दोन खांबांच्या चकचकीत लिफ्टवर हे जमत नाही. जुन्या गॅरेजातला, गाडीखाली उतरायचा तेलकट खड्डा इथे सरस ठरतो. आम्ही तसल्याच एका खड्ड्यावर गाडी घेतली. मागची उंची पुढच्याशी जुळली, स्प्रिंगा त्याच.

नंतर अलाइनमेंट. उंची बदलली की टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेरचा कल, बदलतो, टायर आतून खाल्ले जातात. हेडलाइटही तपासून घ्यायचे.

आता भाच्याची चौथी तक्रार: सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासतं. स्विफ्टचा १६३ मिमी क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते पोट अंतर, १२८ वर आलाय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिमी उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, त्रिज्या १७ मीटर. त्यावर २४५० मिमी व्हीलबेसची गाडी अख्खी मावते आणि तिच्या पोटाखाली उंचवटा येतो जेमतेम ४५ मिमीचा. सोसायटीतला मात्र गतिरोधक कसला, अरुंद उभा उंबरठाच. तिथे गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवत.