पावणेआठ फुटी तारागिरी आणि अण्णांचं "मागचं चुकलंय"

आमचे अण्णा मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये प्लेटर होते, म्हणजे जहाजाला पत्रे बसवणारे. १९७५ ला लागले, रोज डोंबिवलीहून गाडी, सँडहर्स्ट रोडला उतरून हार्बरने डॉकयार्ड रोड, अशी छत्तीस वर्षं काढली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, गणपती जाऊन दोन दिवस झाले असतील, ११ तारखेला माझगावला नवीन तारागिरी ही युद्धनौका पाण्यात सोडली अशी बातमी आली. अण्णा जेवता जेवता टीव्हीकडे बघून एवढंच म्हणाले, "आमची वेगळी." आणि परत आमटी-भात.

त्यांची म्हणजे जुनी तारागिरी, एफ ४१, १६ मे १९८० ला नौदलात आली आणि २०१३ च्या जूनमध्ये निवृत्त झाली. अण्णा नोकरीला नवीन लागले तेव्हा हिच्याच कामावर होते. पण घरात तिचं काहीच नाही, डॉकच्या आत कॅमेरा नेता यायचा नाही त्यामुळे एक फोटोसुद्धा नाही. मी पॅनल वायरिंगचा माणूस, त्याआधी दोन छोट्या रिमोटच्या बोटी केलेल्या (त्यातली एक बुडाली, ते सोडा), तर डोक्यात आलं की आपण करू एक तारागिरी, नुसती काचेच्या पेटीत ठेवायची नाही, पाण्यात चालणारी.

पहिला प्रश्न स्केलचा. जहाज ११३ मीटर लांब. १:९६ ला धरलं तर ११८ सेंटिमीटर येतं, हॉलमध्ये आरामात राहतं, पण गंमत अशी की स्केल दुप्पट केलं तर लांबी दुप्पट होते आणि वजन आठपट. खरं जहाज भरलेलं असताना साधारण २,९६० टन, ते १:९६ ला साडेतीन किलोसुद्धा भरत नाही, मग थोडा वारा आला की ते बदकासारखं डुलत बसतं आणि सगळी मजा जाते. १:४८ ला तेच जवळजवळ २७ किलो होतं आणि २७ किलो पाण्यात बसलं की जहाजासारखं बसतं. म्हणून १:४८, म्हणजे २ मीटर ३५ सेंटिमीटर, पावणेआठ फूट. बायकोला मी "टेबलाएवढं" असं सांगितलं होतं, कुठलं टेबल ते सांगितलं नाही.

नकाशे मिळाले लिअँडर या ब्रिटिश युद्धनौकेचे. आपल्या निलगिरी क्लासच्या सहा फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका, तारागिरी त्यातलीच) त्याच डिझाइनवरच्या, आणि ब्रिटिशांनी स्वतःसाठी २६ बांधल्या त्यामुळे तिकडच्या मॉडेलवाल्यांनी या जहाजाचा पार कीस पाडलेला आहे. मी खूश. नकाशावरून २१ फ्रेम (जहाजाच्या आडव्या फासळ्या) काढल्या, ६ एमएम मरीन प्लायमध्ये लेझर कटिंग करून आणल्या, सुताराकडून पाइनच्या ३ बाय ८ एमएमच्या पट्ट्या फाडून घेतल्या आणि मागच्या बेडरूममध्ये काम सुरू. पुढच्या बाजूला पट्टी जिथे जोरात वळते तिथे ती सरळ मोडते, म्हणून वाफेवर धरायची. कुकरची शिट्टी काढून त्यावर पाइप बसवला, पट्टी पाइपात १५-२० मिनिटं, मग गरम गरम फ्रेमवर दाबून क्लॅम्प. कुकर नंतर परत स्वयंपाकघरात घेतला गेला नाही, नवा घ्यावा लागला, तो खर्चही जहाजाच्या वहीत आहे.

अगदी टोकाला, नाळेत, पट्ट्यांऐवजी काहीतरी हलकं भरून घासून आकार द्यावा म्हणून मी नव्या फ्रिजच्या पॅकिंगमधलं थर्माकोल चिकटवलं. काय सुंदर घासलं जातं ते! दोन संध्याकाळ पॉलिश पेपर मारून अगदी नकाशाबरहुकूम आकार आला, वर ग्लास फायबरचं कापड टाकलं, पॉलिस्टर रेझिन ओतलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर नाळ आत बसलेली, पापड भिजल्यासारखी. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल खातं, अक्षरशः विरघळवतं, हे सगळ्या जगाला माहीत असतं असं मला नंतर कळलं. थर्माकोलवर इपॉक्सी चालतं, पॉलिस्टर नाही. ते सगळं खरवडून तिथे लाकडाचा ठोकळा बसवला आणि पुढचं सगळं इपॉक्सीने केलं, महाग पडलं पण निदान घरात तो वास नाही. पावसाळ्यात मात्र हे काम करू नका, हवेत दमट असलं की वरचा थर चिकटच राहतो, मी जुलै-ऑगस्ट सरळ बंद ठेवलं.

एवढे महिने अण्णा त्या खोलीत आलेच नव्हते, धुळीने खोकला होतो म्हणून. हलला (जहाजाच्या मुख्य अंगाला) बाहेरून दोन थर कापड झालं, लांबी (पुट्टी) भरून झाली, मी हौसेने त्यांना बोलावलं. ते दारात उभे राहिले, पुढून मागे एकदा बघितलं, मागे जाऊन हात फिरवला आणि म्हणाले, "मागचं चुकलंय."

मी म्हटलं अण्णा, नकाशाबरहुकूम आहे, अर्धा एमएमचा फरक नाही.

"मग नकाशा दुसऱ्या बोटीचा आहे."

आणि तसंच होतं हो! ब्रिटिश लिअँडरला मागे डेकमध्ये एक खड्डा असतो, त्यात लिंबो नावाची पाणबुडीवर मारा करणारी मॉर्टर. आपल्या निलगिरीलाही तसंच. पण तारागिरी आणि विंध्यगिरी या शेवटच्या दोन बदलून बांधल्या, त्यांच्यावर छोट्या चेतकऐवजी भलंमोठं सी किंग हेलिकॉप्टर उतरायचं होतं, त्यासाठी लिंबो काढली, हेलिकॉप्टरचं डेक मागे वाढवलं आणि हँगर दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा केला. म्हणजे मी सव्वा वर्ष खपून जे केलं ते पुढून तारागिरी आणि मागून निलगिरी होतं. मी म्हटलं मग निलगिरीच करून टाकू, ती तर पहिली, १९७२ ची, मानाची. अण्णा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर खोलीतल्या फरशीवर खडूने मागचा सगळा भाग काढलेला, वरून आणि बाजूने, दोन्हीकडून. गुडघे दुखतात म्हणून देवळात खाली न बसणारा माणूस फरशीवर बसून रेघा मारत होता. सगळी मापं फुटात, मी त्याला ४८ ने भागून एमएम केले, छापून आलेल्या फोटोंशी ताडून बघितलं, एका ठिकाणी डेकच्या कडेला थोडा फरक वाटला तिथे मी फोटो धरला. अण्णांनी अजून ते मान्य केलेलं नाही.

शेवटच्या पाच फ्रेम कापून काढल्या. करवत चालवताना पोटात कसंतरी झालं, पण कापल्यावर आत शाफ्ट आणि सुकाणूच्या जागी हात घालायला मोकळीक मिळाली आणि ते काम उलट सोपं झालं. दोन शाफ्ट, दोन सुकाणू, खऱ्यासारखीच. प्रोपेलर पितळेचे, बाहेरून मागवले, एक उजवा आणि एक डावा असे लागतात कारण दोन्ही एकाच दिशेचे असले तर जहाजाची मागची बाजू एकीकडे सरकत राहते. आले दोन्ही उजवे. विकणाऱ्याशी भांडण, परत पाठवणं, यात अडीच महिने गेले.

इलेक्ट्रिकलचं मी फार सांगत नाही, १२ व्होल्टच्या दोन मोटर, प्रत्येकीला वेगळा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. फक्त एक, दोन ईएससी वापरत असाल तर त्यातल्या एकाची लाल वायर रिसिव्हरच्या प्लगमधून काढून ठेवा, नाहीतर दोघेही रिसिव्हरला सप्लाय द्यायला बघतात आणि धूर निघतो. माझा रोजचा धंदा हाच असून माझा निघाला. आणि रिसिव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवायची, २.४ गिगाहर्ट्झ पाण्यातून जात नाही.

खरा धडा वजनाने शिकवला. वरचं सगळं बांधकाम, ब्रिज, मधली चिमणी, हँगर, मी ४ एमएम प्लायमध्ये मजबूत बनवलं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांचं कुंपण करून त्यात ताडपत्री टाकून हौद केला (चेअरमन काकांना "रविवारी संध्याकाळपर्यंत" असं सांगून), जहाज सोडलं आणि बोटाने एका बाजूला दाबलं. जहाज झुकलं आणि सावकाश, फार सावकाश, विचार करत करत परत आलं. ते सावकाश येणं वाईट, म्हणजे वर जडपणा जास्त. अजून थोडं दाबलं असतं तर आलंच नसतं. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी विचारलं, "वर पत्रा किती जाडीचा लावलास?" मी म्हटलं चार एमएम. "गुण अठ्ठेचाळीस कर." केलं, १९२. म्हणजे मी जवळजवळ १९ सेंटिमीटर जाड पत्र्याचं जहाज बांधलं होतं! खरा पत्रा समजा ८ एमएम धरला तरी आपल्या स्केलला तो ०.१७ एमएम होतो, कागदाच्या जवळपास. तेवढं पातळ करणं शक्य नाही, पण वरचं सगळं काढून सनबोर्ड आणि पातळ प्लॅस्टिक शीटमध्ये परत केलं, डोलकाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांची केली, १ किलो ८०० ग्रॅम वाचले. खाली कीलजवळ (तळाच्या कण्याजवळ) दोन बॅटऱ्या, आणि बाकी शिसं. शिसं भाऊच्या धक्क्याजवळ जाळ्यांचं सामान विकणाऱ्याकडून घेतलं, जाळ्याला बांधतात त्या गोळ्या, ९ किलो. त्याने विचारलं कुठली बोट, मी म्हटलं तारागिरी, तो म्हणाला ससून डॉकची का? मी हो म्हटलं.

शिसं आधी चिकटवू नका. पिशव्यांत भरून पाण्यात तरंगत असताना पुढे-मागे सरकवत बसायचं, जहाज पाण्याच्या रेषेवर सरळ आलं की मगच इपॉक्सी. आमचं मागून जड होतं, तीन पिशव्या पुढे गेल्या. मग परत बोटाने दाबलं तर टपकन सरळ. अण्णा उठून वर झोपायला गेले, याचा अर्थ पास.

लिफ्टचं राहिलं. पार्किंगमध्ये आणताना पहिल्यांदा लक्षात आलं की लिफ्टमध्ये बसत नाही. मी कर्णाचं माप काढलं होतं, पायथागोरसप्रमाणे बसायला हवं होतं, पण पायथागोरसच्या रेषेला जाडी नसते आणि आमच्या जहाजाला २७ सेंटिमीटर होती. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं, शेजारचे दोघं आणि मी, प्रत्येक वळणावर उभं करून कठड्यावरून फिरवायचं, वर नेताना परत तेच. शिसं आणि बॅटऱ्या काढता येत होत्या म्हणून जमलं, आणि शिसं कायमचं चिकटवलं ते यामुळेच सगळ्यात शेवटी.

पाण्यात सोडायला जागा शोधली तर शहरातल्या तलावात परवानगी, गर्दी, पाणवनस्पती, आणि बंद पडलं तर आणायला कोण जाणार. शेवटी चुलतभावाचं शेततळं, जुन्नर तालुक्यात, ४० बाय ४० मीटर, खाली प्लॅस्टिकचा कागद, पाणी स्वच्छ आणि संथ. या जानेवारीत छोटा हत्ती केला, गाद्यांवर जहाज झोपवलं आणि मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेलो. अण्णा ड्रायव्हरशेजारी, प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत.

वेगाचाही हिशेब असतो, खरा वेग स्केलच्या वर्गमुळाने भागायचा. २८ नॉट भागिले साधारण ७, म्हणजे ४ नॉट, भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. त्याच्या वर पळवलं की खेळणं वाटतं, आणि त्या वेगात लाट नाळेपासून अगदी फोटोत दिसते तशी निघते. पण ४० मीटरचं तळं त्या वेगाला वीस सेकंदात संपतं, त्यामुळे जास्त वेळ अर्ध्यावरच चालवली. वळताना बाहेरच्या अंगाला किंचित कलायची, परत सरळ. भावाची पोरं काठाने पळत होती, भाऊ म्हणत होता "दादा, मोटर पाण्यात जळत नाही का?", आणि अण्णा काही न बोलता नुसते मागच्या भागाकडे बघत होते.

रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी जहाज काठाशी आणलं, थांबवलं, मागे घेतलं, परत आणलं. सात-आठ वेळा एवढंच. मग म्हणाले बाहेर काढ, आत पाणी बघू. उजव्या शाफ्टच्या नळीतून येत होतं, स्पंजने काढलं तर अर्धा पेला भरला, ग्रीस कमी पडलं होतं. ग्रीस भरून दुपारी परत सोडली तेव्हा वारा सुटला होता आणि मी जरा जोरात वळवली. डेकवरचं सी किंग, ज्याला मी घाईत नुसतं दोन चुंबकांवर ठेवलं होतं, ते घसरलं आणि गेलं. तीन आठवड्यांचं काम होतं ते. भाऊ आत उतरायला तयार होता पण शेततळ्याचा तो कागद इतका निसरडा की माणूस वर येणं मुश्कील, अण्णांनीच ओरडून थांबवलं.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं की बघतो, असं भाऊ म्हणालाय. तोपर्यंत अण्णांनी हेलिकॉप्टरला डेकवर खेचून पकडणारं ते यंत्र खडूने काढून ठेवलंय, फरशीवर, दारातच, ओलांडून जावं लागतं.