कोरडा न चाललेला पंप

वर्धा रोडवरील एका सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग सेंटरचे मालक ऐन मे महिन्यात माझ्याकडे मोठ्या पंपाचा भाव विचारायला आले. त्यांच्या पंपाची सील किट, म्हणजे पाणी गळू न देणाऱ्या कड्यांचा संच, वारंवार जळत होती आणि विक्रेत्याने ‘पंप कोरडा चालवला’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली होती. ‘भाऊ, आता २०० बार दाबाचाच बसवून टाका,’ असे त्यांचे म्हणणे होते.

मोठा पंप हा आपल्याकडे सर्व दुखण्यांवरचा उतारा समजला जातो. वास्तविक गाडी धुण्यासाठी १०० बार दाब आणि मिनिटाला १५ लिटर पाणी पुरते व त्याला ५ एचपीच्या मोटरवर भागते. नोझल तेच ठेवून जास्त लिटरचा पंप लावला, तर वाढीव पाणी गनकडे न जाता अनलोडरमधून (जास्तीचे पाणी वळवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) बायपासला, म्हणजे परतीच्या पाइपात फिरत राहते. आणि दाबच २०० बारवर नेला, तर गाडीवरचे रेडियम आणि कमकुवत रंग निघण्याची भीती असते.

पंपाचे हेड उघडले. पाणी ढकलणारे सिरॅमिक प्लंजर शाबूत होते, व्हॉल्व्हच्या सीटवर खड्डे नव्हते, म्हणजे सक्शनला, पंप पाणी ओढतो त्या बाजूला, पाणी कमी पडत नव्हते. सीलची ओठासारखी कड मात्र काळी पडून कडक झाली होती. कोरड्या पंपाची सीलही अशीच जळते, त्यामुळे एवढ्यावरून विक्रेत्याला खोटे पाडता येत नव्हते. मग अनलोडरपासून सक्शनच्या एल्बोपर्यंत परत येणारा वीतभर पाइप काढला. त्याच्या आत क्षाराचा पांढरा, खरखरीत थर होता, तर टाकीकडून येणारा पाइप जवळजवळ स्वच्छ होता. बोअरचे पाणी एकच असताना थर फक्त त्या तुकड्यात बसतो, तो तिथले पाणी तापते म्हणून. कोरड्या पंपात थर धरायला पाणीच नसते.

कारण बाहेर दिसत होते. ग्राहक टोकन टाकतो, गाडी भिजवतो आणि गन अडकवून निवांत फडका मारत बसतो. टायमर चालू, म्हणून मोटरही चालू. तेच लिटरभर पाणी गोल फिरत काही मिनिटांत ६० अंशांपुढे जाते, आणि नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतून ते मुळातच तापून आलेले असते. त्यात ग्राहकाची काही चूक नाही. त्याने वेळेचे पैसे मोजलेले असतात.

पंप तोच ठेवला. नवी सील किट टाकली, बायपास थेट टाकीत सोडला, हेडवर पाणी फार तापले की ते बाहेर सोडणारा थर्मल व्हॉल्व्ह बसवला आणि गन अर्धा मिनिट बंद राहिली तर मोटर थांबेल अशी जोडणी केली. जून कोरडा गेला, तरी सील टिकली.

मालकांनी तो पाइप विक्रेत्याला नेऊन दाखवला. ‘कोरडा चालवला’ हा शेरा निमूटपणे मागे घेतला गेला आणि त्याजागी ‘बायपासची जोडणी सदोष’ असे नवे कारण आले, म्हणून वॉरंटी पुन्हा नाकारण्यात आली. हे कारण तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. फक्त ती जोडणी विक्रेत्याच्याच फिटरने केली होती, आणि तसे लिहिलेला कागद मालकांकडे नाही.