गाणी आली, नावं गेली

"मामा, गाणी आली, पण नावं गेली," भाच्याने फोनवर सांगितलं. माझ्या खिशातल्या प्लेअरचं मेमरी कार्ड काहीही न सांगता बसलं होतं. त्यातून जे निघेल ते काढायला मी त्याच्याकडे दिलं होतं.

नावं गेली म्हणजे काय, ते फोल्डर उघडल्यावर कळलं. कोणती फाइल कुठे आहे याची कार्डावर एक यादी असते. ती बिघडली की रिकव्हरीचं सॉफ्टवेअर कार्ड चाचपत जातं, गाण्यासारखं काही लागलं की उचलतं आणि त्याला नंबर देऊन टाकतं. किशोरीताई, शाहीर, नाट्यगीतं, सगळे कैद्यांसारखे नंबर लावून उभे.

सुदैवाने एमपीथ्रीच्या पोटात एक चिठ्ठी असते, टॅग नावाची. तिचा १९९६चा पहिला अवतार फारच चिंधी: फाइलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, तीही रोमन. त्यामुळे भरताची समजूत घालणारा राम माझ्याकडे ‘पराधीन आहे जगती पुत्र मान’ एवढ्यावरच थांबतो. संगीतप्रकारासाठी ८० नावांची ठरलेली यादी होती. तिच्यात पोल्का आहे, ख्रिश्चन रॅपसुद्धा आहे; अभंग नाही, लावणी नाही. आणि प्रकाराच्या जागी कुणी नुसतं शून्य राहू दिलं, तर शून्य म्हणजे ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःख आळवणारी गाणी. माझे तुकोबांचे बरेचसे अभंग असे ब्लूजमध्ये सापडले. दुरुस्त करायला गेलो आणि थांबलो. यादी करणाऱ्याला ठाऊक नसेल, पण फार काही चुकलं नव्हतं.

खरा घोळ ‘कलाकार’ या रकान्यात. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, पं. (टिंबासह) भीमसेन जोशी आणि २००८ नंतरचे भारतरत्न भीमसेन जोशी, असे चार निरनिराळे गवई माझ्या संग्रहात नांदत होते. ‘आनंदघन’ या नावाने चाली लावणाऱ्या लताबाई स्वतःच गात असतील, तर त्यांना कुठल्या खोलीत ठेवायचं? ‘मानापमान’ १९११चं. पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गाजवली बालगंधर्वांनी, आणि माझ्याकडचा आवाज त्यानंतरच्या कुणाचा तरी. रकाना एकच. ज्याने तो आखला त्याच्या डोळ्यांपुढे आपली गाणी आपणच लिहून गिटारवर म्हणणारा कुणी पोरगा असणार.

गीतरामायणाने तर कमाल केली. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. प्लेअरने ती अक्षरानुक्रमे लावली. ‘आकाशाशी जडले नाते’ सुरुवातीलाच, ‘राम जन्मला’ कितीतरी खाली. म्हणजे स्वयंवर उरकलं, नवरदेव अजून जन्मायचाय. ‘गा बाळांनो’ हे शेवटचं गीत ‘स्वये श्री रामप्रभू’ या पहिल्याच्याही आधी. मग एकेक नंबर हाताने टाकला. ०१, ०२ असा शून्य लावून, नाहीतर एकानंतर थेट दहा येतो.

टॅगच नसलेल्या फायली कॅसेटवरून उतरवलेल्या. त्या ऐकूनच ओळखायच्या. पूर्वी आपण चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायचो आणि रेकॉर्डिंगवाला साठ मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा. बाजू संपायला दोन-तीन मिनिटं उरली की तिथे स्वतःच्या आवडीचं काहीतरी ढकलायचा. त्यामुळे एका गंभीर भावगीताच्या शेवटच्या सुरावर माझ्या कानाला अजून ढोलकी अपेक्षित असते. ऑनलाइन तेच गाणं स्वच्छ, पूर्ण मिळतं. पण पुढची ढोलकी वाजत नाही, आणि मला ते अर्धवट वाटतं. त्या कॅसेटवाल्याचे मी तेव्हा चार पैसे कापून घ्यायला हवे होते, आता त्याची निवड शोधत बसलोय.

टॅगच्या नव्या अवतारात देवनागरी चालते आणि प्रकारही मनाला येईल तो लिहिता येतो. तेव्हा मी ब्लूज-पोल्का सोडून माझी यादी केली आहे: ‘एसटीत’, ‘पोळ्या होईपर्यंत’, ‘पाहुणे गेल्यावर’. किशोरीताईंचा भूप तिसऱ्यात गेला. पोवाडे मात्र कशातच बसेनात. त्यांच्यासाठी नवा प्रकार काढावा लागला, ‘शेजारी गावाला गेल्यावर’.